पोरगं कुणी घ्यायचं

गुरु. ६ नोव्हें.
जालन्याला जाऊन आलो. मी, सविता आणि विराज. कान तपासले. कान ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकू सगळं येतंय, घरात याच्याशी बोलतं कोण? मी सविताकडं बघितलं, सवितानं माझ्याकडं. तेवढ्यात पठ्ठ्यानं त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला. काढून घेतला तर फरशीवर डोकं आपटायला लागला.

साडेतीन वर्षांचा झाला आणि शब्द किती, तर दे, न्हाई, आण्णा, मोबाइल. आणि गज्या. गज्या म्हणजे मी, त्याचा बाप. आण्णा म्हणजे माझे वडील, ते मला जशी हाक मारतात तशी हा मारतो, त्याच सुरात. बाईंनी तोही शब्द हिशेबात धरला. म्हणाल्या, चांगलंय की, हाक तर मारतो.

औषध काही नाही. म्हणाल्या गावात लहान मुलांच्या आईबापांचा गट चालत असेल तर दोघं जा. दोघं, हे दोनदा म्हणाल्या.

येताना एसटीत माझ्या मांडीवर झोपला. अंबड रोडवर आमच्या फाट्याला उतरलो तसा सविताकडं दिला. गाव आलं ना.

शनि. ८ नोव्हें.
सविता गटाला गेल्ती. शनिवारी दुपारी अंगणवाडीत भरतो, उज्ज्वलाताई घेतात. सविता दसऱ्यापासून जातेय, मला वाटायचं हळदीकुंकवासारखं काहीतरी असेल. आज आल्या आल्या म्हणाली, "ताई म्हणल्या, बापाला घेऊन या. एक बी बाप येत न्हाई."
"दुकान कोण बघंल?"
"दुकान तुमचं, पोरगं माझं एकटीचं हाये का?"
बोलणं बरोबर होतं म्हणून मला राग आला. चहा न घेता अंबडला दुकानावर निघून गेलो. तिथं टपरीवर घेतला, कडू होता.

मंगळ. ११ नोव्हें.
गव्हाच्या पाण्याचे दिवस. दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची रांग. प्रत्येकाला आजच पाहिजे. सगळी तार काढून नवी गुंडाळायची, वाइंडिंग म्हणजे काय भजी आहेत का तळून द्यायला.

घरी आलो तर ओट्यावर रोजचं. आण्णांच्या मांडीवर विराज, समोर तांब्याला टेकवलेला मोबाइल, आण्णा भाकरी कालवून घास भरवतायत. पोरगं पडद्याकडं बघत तोंड उघडतं. काय खातंय त्याला माहीत नाही. सवितानं ताईंचं ऐकून मोबाइल उचलला. जी बोंब ठोकली त्यानं, शेजारच्या गल्लीतून माणसं डोकावली.
आण्णा म्हणाले, "कशाला रडवून राह्यली लेकराला? चार घास बराबर खाऊन राह्यलं होतं."
"मामा, ताई म्हणल्या जेवताना..."
"ताईला म्हणावं तू ये भरवायला. हा गज्या बी चार वर्षांचा होईस्तोर मुका होता. आता बघ गिऱ्हाइकासंगं कसा बोलतो."
मोबाइल परत तांब्याला. सविता आत गेली, भांडी आदळली. मी मोरीत हात धूत होतो. धूतच राहिलो.

शनि. १५ नोव्हें.
गेलो शेवटी. अंगणवाडीत सतरंजीवर सगळ्या बाया आणि मी. दारापाशी बसलो, कुणी बोलवायला आलं तर पळता यावं म्हणून. कुणी आलं नाही.

उज्ज्वलाताई आमच्याच गल्लीतली, शाळेत माझ्यापुढं होती. तिनं खेळ घेतला. अर्ध्यांनी खाली बसायचं, ती पोरं. अर्ध्यांनी खुर्चीवर उभं राहायचं, ते आईबाप. माझ्या वाट्याला राधामावशी. लेक आणि जावई पुण्याला कंपनीत, नातू यांच्या गळ्यात. मावशी पदर खोचून खुर्चीवर चढल्या आणि सगळी हौस फेडून घेतली. "ऊठ! बस! गप! किती बारी सांगितलं! तुझा बाप बी असाच!" बाया हसून लोळल्या. मीही हसलो. मग वर बघितलं तर मावशींचा नुसता हलणारा हात दिसत होता, तोंड दिसतच नव्हतं. कधी खाली येईल सांगता येत नाही असा हात. हसू गेलं माझं.

घरचा अभ्यास: रोज थोडा वेळ पोराबरोबर जमिनीवर बसायचं. तो खेळेल ते खेळायचं. तो करतो त्याला नाव द्यायचं, त्याच्या डोळ्यांत बघून. आईनं वेगळं, बापानं वेगळं. फोन दुसऱ्या खोलीत.
"एवढंच? ह्याला गट कशाला पायजे?" मी म्हणालो.
ताई म्हणाली, "करून ये मंग. पुढच्या शनवारी सांग मला."

सोम. १७ नोव्हें.
होत नाही.

संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा आण्णा ओट्यावर असतात आणि विराज त्यांच्या मांडीवर. आमच्यात बापासमोर आपल्या पोराला घेत नाहीत. घ्यायचं नाही, लाडानं बोलायचं नाही, नाव घेऊन हाकसुद्धा मारायची नाही. हे कुणी मला शिकवलेलं नाही. आण्णांनी मला त्यांच्या बापासमोर कधी घेतलं नाही, मी आण्णांसमोर याला घेत नाही, संपलं. मला आज्ज्यानं वाढवलं. त्याच्या घोंगडीचा वास मला अजून सांगता येईल. आण्णांच्या खांद्याचा वास विचारा, माहीत नाही.

परतूरच्या लग्नात विराज मांडवाच्या खांबाला धडकून पडला, कपाळ फुटलं. चार माणसं धावली. मी त्याच्या सगळ्यांत जवळ होतो. पण शेजारी आण्णा बसलेले. मी सविताला शोधायला लागलो. तिनं ते बघितलं होतं. अजून तो विषय काढते.

आता हे मी ताईला कसं सांगू? ती म्हणेल, आण्णांना सांग. आण्णांना सांगायचं! तीस वर्षांत मी आण्णांशी लाईट, मोटार आणि शेळ्या याशिवाय काय बोललोय?

गुरु. २० नोव्हें.
युक्ती केली. आण्णा गोठ्यात धार काढायला गेले की आमचा स्वयंपाकघरात वर्ग. दुकानातल्या तारेच्या रिकाम्या रिळा आणल्या. विराजनं एक ढकलली, मी म्हणालो "गोल". परत ढकलली, "गोल गोल गोल". विम्याच्या एजंटाकडं बघतात तसा माझ्याकडं बघत होता. पण उठून गेला नाही. मग हळूच येऊन मांडीत बसला. वजन केवढं झालंय त्याचं.

बाहेर आण्णा खोकले. मी असा उठलो की पोरगं मांडीवरून खाली, रिळा चुलीखाली. आणि मोठ्यानं विचारतोय, "चहा झाला का?" चहा समोर ठेवलेला.
सविता तोंडाला पदर लावून हसली. मग हसायची थांबली.

शनि. २२ नोव्हें.
गटात आज दुसरा बाप. सलीम, फाट्यावरचा पंक्चरवाला. जुळ्या पोरी आहेत. बायकोनं हाकलून पाठवला म्हणाला. परमुलखात गावचं माणूस भेटावं एवढा मला आनंद झाला.

ताईनं विचारलं, जमलं का? मी म्हणालो थोडं थोडं. सविता माझ्याकडं न बघता म्हणाली, "चोरून." मग सांगावंच लागलं. वाटलं हसतील. सलीम हसला खरा, पण मान हलवत. म्हणाला, "अरे भाई, अब्बा के सामने मैं बच्चियों को उठाताच नहीं था. अब्बा गए, तब उठाया. तब तक दोनों चलने लगी थीं."
राधामावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पोरीला पहिल्यांदा जवळ घेतलं ते पाठवणीला. मंग एवढे रडले की सोडीनात."
 ताईनं पुढचा खेळ बाजूला ठेवला.

मला वाटत होतं हे आमच्याच घरात आहे. घरी येताना हलकं वाटत होतं, आणि ओट्यावर आण्णा दिसले की परत होतं तसं.

बुध. २६ नोव्हें.
दुकानात घेऊन जातोय त्याला, सकाळच्या वेळी. आण्णांना सांगितलं, अंगणवाडीत सोडतो. खोटं पण आता अंगवळणी पडलं.

वार्निश, ॲसिड सगळं वर ठेवलं. त्याला खाली गोणपाट टाकून दिलं, रिळ आणि जुनी तार. मी हातानं मशीन फिरवतो, तो बघतो. "तार." "फिर." आणि आज मशीन थांबलं तसं माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "गज्या, फिर."

दोन शब्द! एकाला एक जोडून! मी एकटाच. कुणाला तरी सांगायचं म्हणून समोर आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, पोरगं बोललं हो माझं. तो म्हणाला, "चांगलं झालं. मोटार कवा देता?"

शनि. ६ डिसें.
गटात सांगितलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. लाजलो, पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सलीम म्हणाला त्याच्या पोरी आता दोघी एकदम त्याच्या पाठीवर बसतात, कंबर गेली.

घरी येताना सविता म्हणाली, "दुकानात बाप अन घरात पाव्हणा. असं किती दिवस?"
मी चपलेतला खडा काढायला वाकलो.
"अंबडला दुकानाच्या मागं खोली रिकामी हाये. तिथं ऱ्हाऊ. तिथं तुमी त्याला घ्याल, बोलाल. हितं तुमच्यानं व्हायचं न्हाई."
"आण्णा?"
"मी काय मामांना टाकून द्या म्हणून राह्यले का? पण पोरगं मुकं ठेवायचं का त्यांच्यासाठी? संक्रांतीपर्यंत बघते. मंग मी अन विराज जातो. तुमी या न्हाई तर नका येऊ."
रागानं म्हणाली असती तर भांडता आलं असतं. शांतपणे म्हणाली.

माय गेली तेव्हा विराज रांगत होता. तेव्हापासून आण्णा त्याच्याशिवाय जेवत नाहीत. मोबाइल लावतात, कुरकुरे देतात, सगळं चुकीचं करतात, पण याला सोडून घास घेत नाहीत. तो उचलून अंबडला नेला तर आण्णा कुणाबरोबर जेवतील?

मंगळ. ९ डिसें.
लिहायचं नव्हतं. लिहितो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात. विराज माझ्या मांडीत, रिळांचा मनोरा. मस्त रंगला होता. "गज्या, दे." "गज्या, वर." बाहेर आण्णा खोकले. मी अजून हललोही नव्हतो. त्यानं हातातली रिळ खाली ठेवली, मांडीतून उतरला, सरकत सरकत भिंतीपाशी जाऊन बसला. तोंड दुसरीकडं. माझी आणि त्याची ओळखच नाही असा.
आण्णा आत आले, "आलं का माझं सोनं?" आणि तो त्यांच्याकडं गेला.

बोलायला शिकवत होतो. शिकला हे. मला बरीच वर्षं लागली असतील शिकायला, याला पंधरवडा पुरला. सवितानं बघितलं. तव्यावरची भाकरी उलटली. म्हणायला पाहिजे होतं तिनं काहीतरी.

शनि. १३ डिसें.
माझ्या तोंडून निघेना, सवितानं सांगितलं गटात. मी सतरंजीचा धागा ओढत बसलो.

मला वाटलं ताईकडं काहीतरी असेल. तिच्याकडं चित्रं आहेत, खेळ आहेत, राग आला तर काय, जेवत नसेल तर काय, सगळ्याला काही ना काही आहे. तिनं हातातली चित्रं खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्याचं माझ्यापाशी बी उत्तर न्हाई, गजानन. आमच्या ट्रेनिंगात आई, बाप अन लेकरू एवढंच असतं. आण्णा नसतात."
मग म्हणाली, पुढच्या शनिवारी आज्ज्या-आज्जींना बोलवू. तू आण्णांना आण.
आण म्हणे. आण्णा म्हणजे काय मोटार आहेत, गाडीवर टाकून आणायला.

बुध. १७ डिसें.
विचारायला गेलो गोठ्यात.
"आण्णा."
"काय?"
"शेळी कवा व्यायची?"
"तुला कवापासून शेळीचं पडलं?"
परत आलो.

सवितानं विचारलं शेवटी. दाराआड उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन. "मामा, शनवारी अंगणवाडीत आज्ज्या लोकांचा कार्यक्रम हाये. विराजला घेऊन तुमीच जा."
खूश झाले. धोतर धुवायला काढा म्हणाले. मला वाईट वाटलं, कारण कशासाठी नेतोय ते त्यांना माहीत नाही.

शनि. २० डिसें.
आण्णा पांढरं धोतर, टोपी, विराज कडेवर. अंगणवाडीत त्यांना खुर्ची दिली. मी मागं सलीमच्या शेजारी, दिसू नये असा.

उज्ज्वलाताईनं आधी विचारलं, नातवंडासाठी काय काय करता? आण्णा फार्मात आले. लेकरू माझ्याच हातानं जेवतं, माझ्यापाशीच झोपतं, मी रानात गेलो तर फाटकाला लटकतं. सगळे ऐकत होते. मी इतकं बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. छान बोलतात आण्णा.

मग ताई म्हणाली, आता तुमचं स्वतःचं लेकरू एवढं होतं तेव्हाचं एखादं सांगा. राधामावशींनी लेकीचं सांगितलं, हौदात पडली होती ते. आण्णांची पाळी आली. टोपी काढून परत घातली.
"आठवत न्हाई," म्हणाले.
"कायतरी असंल की आण्णा. चालायला कवा लागला, पहिल्यांदा काय बोलला?"
"न्हाई बाई. ते माझ्या बापापाशी असायचं. मी मेंढरं घेऊन रानात. घरी यावं तर बाप बसलेला. मंग कसं..." थांबले. विराजच्या डोक्यावरून हात फिरवत होते. "मुका होता म्हणतो ना मी, ते बी त्याच्या मायनं सांगितलेलं हाये. मला काय ठाव?"

कुणीतरी पुढचं बोललं. काय ते मला ऐकू आलं नाही. भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा लावलंय, तेवढं वाचत बसलो. मला आण्णांचा राग होता, लहानपणापासूनचा. आज तो कुठं ठेवावा कळेना. त्यांनी मला घेतलं नाही असं मी धरून बसलोय, आणि त्यांना तर कुणी घेऊच दिलं नव्हतं. आत्ता कुठं म्हातारपणी एक पोरगं मांडीवर मिळालंय, आणि ते आम्ही काढून घ्यायला निघालोय. डोळे भरून आले. सलीमनं मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

येताना आण्णा पुढं चालत होते. 

सोम. २२ डिसें.
दुकानातून आलो. आण्णा ओट्यावर, विराज मांडीवर. मला बघून आण्णांनी त्याला खाली ठेवलं. उठले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बस त्याच्यापाशी. मला रानात काम हाये."
या वेळेला रानात काय काम? गेले.

पोरगं फाटकाला धरून ओरडतंय, आण्णा, आण्णा. मी उचलून ओट्यावर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा भर ओट्यावर माझं पोरगं घेऊन बसलो, समोरून गाव जातंय. त्यानं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला.
हेच पाहिजे होतं ना? घ्या.

शुक्र. २ जाने.
रोज तेच. मी यायच्या वेळेला आण्णा उठतात. शेतात आखाड्यावर, खोपीपाशी जाऊन बसतात, अंधार पडल्यावर येतात, एकटे जेवतात. भाकरी निम्मी ठेवतात. विराज माझ्या हातचं खात नाही, त्यांच्या हातचं मिळत नाही. "गज्या, फिर" वगैरे सगळं बंद. नुसतं आण्णा.

सविताला म्हणालो, झालं तुझ्या मनासारखं? चूक होतं असं म्हणणं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी असं न्हवतं म्हणलं वो. मामांनी असं जावं असं कोण म्हणलं?" खोलीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

काय करावं? आण्णांना म्हणावं, नका जाऊ, बसा? जीभ रेटत नाही. त्यापेक्षा एक ठरवलंय. उद्यापासून दुकानात उशिरापर्यंत थांबतो. मीच नाही आलो तर आण्णांना उठावं लागणार नाही. बसतील त्याला घेऊन, भरवतील. लावू दे मोबाइल. म्हातारा जेवेल तरी. कुणाला सांगायचं नाही.

गुरु. ८ जाने.
चाललंय बरोबर. दिवेलागणीनंतर दुकानात तसं काम नसतं. झाडून घेतो, पान्हे लावून ठेवतो, परत झाडतो. डोळ्यांसमोर येतं, ओट्यावर दोघं, तांब्या, मोबाइल. घरी पोचतो तोवर विराज झोपलेला, आण्णा जेवून आडवे झालेले. बरं वाटतं बघून.

सलीम जाता जाता डोकावला. "घर को नहीं जाते क्या आजकल?"
म्हणालो, सीझन आहे.

शनि. १० जाने.
गटाचा शेवटचा शनिवार. आता पुढच्या गावात सुरू करणार. ताईनं सगळ्यांना विचारलं, काय मिळालं? राधामावशी म्हणाल्या, नातवाला आता मारत नाही, मारावंसं वाटलं की अंगणात जाऊन झाडू मारते, अंगण लखलखीत झालंय. सलीम म्हणाला, पोरी आता त्यालाच सांगतात, अब्बू ओरडू नका, खाली बसून बोला.

सविताला विचारलं, संध्याकाळी कोण खेळतं विराजशी? ती म्हणाली, "संध्याकाळी घरात कुणीच नसतं ताई."
मी मान वर केली.
"हे उशिरा येतात. मामा रोजच्या वेळेलाच रानात जातात, ह्यांना बसता यावं म्हणून. मी चुलीपाशी. पोरगं मोबाइल घेऊन एकटंच ओट्यावर. अंधारात. आता रडत बी न्हाई."

 रस्त्यात मी सविताला विचारलं, घरी का नाही सांगितलंस मला?
"घरी असता कवा तुमी?"

आण्णा माझ्यासाठी उठून गेले, मी आण्णांसाठी आलो नाही. दोघंही केवढे शहाणे. आणि तो एवढा जीव अंधारात पडद्याकडं बघत बसला. मला माझी लाज वाटते. गटानं काय दिलं विचाराल तर हे: काय करायला पाहिजे ते मला आता सगळं माहीत आहे. आधी निदान माहीत तरी नव्हतं.

मंगळ. १३ जाने. भोगी.
उद्या संक्रांत. खोलीचं सविता बोलत नाही, पण तिनं दुकानाच्या मागं जाऊन खोली बघून घेतल्याचं घरमालकानंच सांगितलं मला. खिडकी आवडली म्हणे तिला.

ऊन असतानाच दुकान बंद केलं. आण्णांना फोन लावला. मी त्यांना फोन करतो तो फक्त लाईट आली का विचारायला. तेच विचारलं.
"आण्णा, लाईट हाये का?"
"न्हाई."
"मी घरी निघालो."
"बरं. मंग मी थांबतो हितंच जरा."
"न्हाई आण्णा. तुमी बी या."
"कशाला?"
 केवढं होतं सांगायला. म्हणालो, "भोगी हाये."
फोनात आखाड्यावरचा वारा ऐकू येत होता. मग म्हणाले, "बघतो," आणि फोन बंद.

घरी आलो. विराज ओट्यावर, हातात सविताचा मोबाइल. काढून घेतला. रडला, आपटलं डोकं, मी हात मध्ये घातला. बऱ्याच वेळानं दमला आणि मांडीत आला. रिळ नाही, खेळ नाही, नुसता बसलाय. सवितानं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्यात, भोगीची भाजी. विचारून गेली, वाढू का? म्हणालो, थांब थोडं.

एका हातानं लिहितोय, दुसऱ्यात तो आहे. अक्षर वाकडं येतंय. आज आण्णा आले तर याला खाली ठेवायचं नाही आणि त्यांना उठूही द्यायचं नाही, असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे इथं लिहिलंय. तोंडानं काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. "बसा" एवढंच म्हणायचं आहे, त्यात काय एवढं.

बांधावरून बॅटरी येतेय. आण्णाच आहेत, दुसरं कोण असणार.

फाटकापाशी थांबले. आम्हाला बघितलं त्यांनी. बॅटरी बंद केली. आत येत नाहीत, परतही जात नाहीत. विराजनं हाक मारली, "आण्णा."

मी पण हाक मारायला पाहिजे.